अंगठ्याचं मूळ दुखतंय? सांधा जोडून घेण्याआधी हे वाचा

कपडे पिळताना, बरणीचं झाकण उघडताना, कुलपात किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते का? पन्नाशीकडे आलेल्या कितीतरी बाया हे दुखणं ‘काम केलं की होतंच’ म्हणत अंगावर काढतात. गवंडीकाम, सुतारकाम करणाऱ्या पुरुषांनाही ते होतं.

अंगठा मनगटाजवळ ज्या सांध्यावर फिरतो तो घोड्याच्या खोगिरासारखा असतो. म्हणून अंगठा सगळीकडे वळतो. पण चिमटीत एक किलोचा जोर लावला, तर या सांध्यावर त्याच्या साधारण बारा पट भार पडतो. वर्षानुवर्षांनी मधली कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासू लागतं. हा संधिवात एक्स-रेत दिसतो. मात्र रात्री बोटांना मुंग्या येऊन हात बधिर होत असेल, तर ते नस दबल्याचं लक्षण असू शकतं. त्याचा उपचार वेगळा, म्हणून आधी तपासणी.

लगेच ऑपरेशन लागत नाही. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, दुखण्यावरचं मलम, डॉक्टरांनी दिलेली गोळी, गरज पडल्यास सांध्यात इंजेक्शन, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. झाडूच्या, उलथन्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा; पकड सैल ठेवूनही काम होतं.

काही महिने हे करूनही दुखणं हटलं नाही, तर शस्त्रक्रियेचा विषय निघतो. एका पद्धतीत झिजलेली कूर्चा खरवडून दोन्ही हाडं तारेने किंवा पट्टी-स्क्रूने एकत्र बसवतात. ती जुळून एकच हाड होतं. सांधाच उरला नाही, म्हणून घासणं थांबतं आणि पकड भक्कम राहते. हातोडा, थापी चालवणाऱ्या तरुण कामगाराला हा मार्ग पूर्वीपासून सुचवला जातो. अंगठ्याचे पुढचे दोन सांधे वाकतच राहतात, त्यामुळे चिमूट जात नाही.

पण जे जातं, ते आधीच सांगायला हवं. तळहात पूर्ण सपाट टेकत नाही. भाकरी थापणं, हात टेकून फरशीवरून उठणं अवघड होतं. अंगठा आत दुमडत नाही, म्हणून घट्ट बांगडी चढत नाही. आणि हे परत फिरवता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत झिजलेलं छोटं हाडच काढून टाकतात. हालचाल राहते, जोर यायला मात्र काही महिने जातात. नेदरलँडमध्ये चाळिशीपुढच्या स्त्रियांमध्ये या दोन्ही पद्धतींची तुलना झाली. सांधा जोडलेल्यांत गुंतागुंती इतक्या जास्त निघाल्या की तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला; २०१४ साली तो छापून आला. म्हणून घरकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या ताईला डॉक्टरांनी सांधा जोडायचा सल्ला दिला, तर ‘हाड काढून चालणार नाही का?’ हे विचारायला लाजू नये.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हाडं न जुळणं. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, हाडाला रक्त कमी पोचतं. बिडी तर सोडाच, मिसरीही त्यातच आली. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते’ असं सांगणाऱ्या बाया डॉक्टरांपुढे ती गोष्ट लपवतात. लपवू नका, ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच बंद करा. साखरही ताब्यात हवी.

प्लास्टर साधारण सहा ते आठ आठवडे राहतं, जड कामाला तीन महिने तरी लागतात. धुण्याभांड्याची कामं धरलेल्या ताईने बदली कोण जाणार हे आधीच ठरवावं. सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्यापूर्वी विचारावं. घरी आल्यावर हात उशीवर उंच ठेवा, मोकळी बोटं हलवत राहा. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टरच्या आत दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.