मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे

व्यक्तीची गणना कोणत्या कुळात करावी, याविषयी प्रत्येक समाजाने काही नियम घालून दिलेले असतात. मेघालयातील खासी लोकांत मूल आईच्या कुळाचे मानले जाते. या कुळास ते ‘कुर’ म्हणतात. एकाच कुरातील स्त्रीपुरुषांचा विवाह हा त्यांच्या दृष्टीने अत्यंत घोर अपराध होय.

कुळाची मालमत्ता मुख्यत्वे सर्वांत धाकट्या मुलीकडे, म्हणजे ‘का खाद्दुह’कडे जाते, ‘वडिलोपार्जित’ हा आपला शब्द येथे लागूच पडत नाही. मात्र तिला लाभते ती मालकीपेक्षा रखवाली अधिक. वृद्ध आईबापांचा सांभाळ, अविवाहित अथवा घटस्फोट होऊन परतलेल्या भावांना आसरा, घरचे धर्मविधी, हे सारे तिच्याच माथी असते. घर विकायचे झाल्यास मामा व भाऊबंद यांची संमती लागते. महत्त्वाच्या प्रश्नांत परंपरेने मामाचा शब्द प्रमाण. ‘सियेम’ या प्रमुखाचे पदही त्याच्या मुलाकडे न जाता भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जाई, आणि पारंपरिक दरबारात केवळ पुरुष बसत. वंश स्त्रीकडून चालतो, परंतु अधिकार बव्हंशी तिच्या भावांकडे राहतो.

मग बापाचे काय? आपल्या मुलांच्या घरात तो पोशिंदा म्हणून मान मिळवतो, पण कुळाने परकाच असतो. जुन्या धर्माचे पालन करणाऱ्यांमध्ये दहनानंतर त्याच्या अस्थी पत्नीच्या नव्हे, तर त्याच्या आईच्या कुळाच्या दगडी अस्थिगृहात ठेवल्या जात. जन्मभराच्या संसारानंतरही कुळाचा हक्क असा शाबूत राहत असे.

एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी नेमकी येथेच गफलत केली. बाखोफेन (1861) आणि मॉर्गन (1877) यांनी मातृवंश ही सर्व मानवजातीने ओलांडलेली एक प्राचीन पायरी मानली. बाखोफेनने तर तिच्यात स्त्रियांचे राज्यच पाहिले. अशी सार्वत्रिक पायरी होती, याला पुरावा मिळालेला नाही. केरळातील नायरांच्या ‘तरवाड’ या मातृवंशीय कुटुंबाचा कारभारही ‘कारणवर’ हा ज्येष्ठ पुरुषच पाहत असे. ती पद्धत काही विकासाच्या अटळ नियमाने मावळली नाही. नोकऱ्या, न्यायालये, वाटण्या यांनी ती पोखरली आणि 1975 च्या कायद्याने केरळात एकत्र कुटुंबाची मालमत्ताच संपुष्टात आणली.

खासी लोकांत मात्र वाद अजून जिवंत आहे. मुलांना पित्याचे कुलनाम मिळावे, या मागणीसाठी 1990 मध्ये काही पुरुषांनी संघटना स्थापन केली. उलट खासी स्वायत्त जिल्हा परिषदेच्या 1997 च्या वंशविषयक कायद्याने आईकडून चालणारा वंश हीच खासीपणाची कसोटी ठरविली. आदिवासींना मिळणाऱ्या सवलती या ओळखीशी निगडित असल्याने मुलाच्या नावापुढे कोणाचे कुळ लावावे, हा प्रश्न तेथे केवळ घरगुती राहिलेला नाही.