ओळखीची नोकरी आणि दादरच्या शाळा

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेव येथे स्थापन झाली. पुढे परळ-लालबागचा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून येणाऱ्या माणसाला काम मिळे ते जॉबरच्या शब्दावर. हा जॉबर बहुधा त्याच्याच गावचा वा नात्यातला असे. नवख्याच्या वर्तनाची हमी तो घेई. मालकाचा पारखण्याचा खर्च वाचे. गाववाल्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा आणि खाणावळीत उधारीवर जेवण, हेही त्याच ओळखीतून लाभे. भांडवल नसलेल्या माणसाची पत ती हीच.

परंतु ज्या ओळखीने एकास दार उघडले, तिनेच दुसऱ्यास ते बंद केले. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना मज्जाव होता, कारण धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यात ओवावे लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला.

या जाळ्याचा एक परिणाम शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातील शाळांत १९८२ ते २००१ या काळात दाखल झालेल्या मुलांच्या सुमारे ४,९०० कुटुंबांची पाहणी केली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. १९९१ नंतर इंग्रजी जाणणाऱ्यांचे वेतन वाढले. तरीही ज्या जातींचे पुरुष पिढ्यान् पिढ्या कामगारवर्गात होते, त्यांचे मुलगे मराठी माध्यमातच अधिक राहिले. मुली मात्र त्या मानाने झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. मुलग्यासाठी जातबांधवांची नोकरी ठरलेली, मुलीसाठी तशी नव्हती. जुन्या व्यवस्थेने जिला काही दिले नाही, तिला बांधूनही ठेवले नाही! येथे मराठी माध्यमाला उणे लेखण्याचा हेतू नाही. प्रश्न निवडीचा आहे, आणि ती निवड ज्या नोकऱ्यांच्या भरवशावर झाली त्या तर आटतच होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या.

याच वस्तीत १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रिया तोवर सावकाराकडून कर्ज काढीत. मंडळाने त्यांचे गट बांधले, त्या परस्परांना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. येथे जामिनकीचा आधार समान व्यवसाय हा होता.