वजन, वय आणि औषधाची डबी

एच.आय.व्ही.बाधित बालकाच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते, हे वाचून मला नवल वाटले. मूल वाढले की मात्राही बदलते. भारतात मोफत ए.आर.टी. उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. खास बालकांसाठीचे २००६ साली. आज अमरावती-अकोल्यातही ते मिळतात. लहानग्यांना डोल्युटेग्राविरची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी; २० किलोपासून पुढे मोठ्यांचीच, ५० मिलिग्रॅमची. रोज, जन्मभर. लहानपणी आई किंवा आजी आठवणीने देते. पण कुमारवयात, वसतिगृहात? गोळ्या चुकत गेल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आणि डबी तर सोबत्यांपुढेच उघडायची! “काहाची गोळी होय बे?” असे मीही सहज विचारले असते.