घटक ६ : हस्तलेखनाचे श्रम आणि प्रयत्नलाघव

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• लिहिताना हात का दुखतो, याची कारणे सांगता येतील.
• लेखणी, लिपी आणि हाताचे श्रम यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• देवनागरी लेखनात श्रम कोठे वाचवावेत व कोठे वाचवू नयेत, हे ठरवता येईल.
• परीक्षेपूर्वी लेखनाच्या सरावाचे नियोजन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

भाषाविज्ञानात आपण ‘प्रयत्नलाघव’ ही संज्ञा अभ्यासली आहे. उच्चाराचे श्रम कमी करण्याकडे बोलणाऱ्याची प्रवृत्ती असते. संस्कृत ‘हस्त’ या शब्दाचे प्राकृतात ‘हत्थ’ आणि मराठीत ‘हात’ असे रूप झाले, त्यामागे ही प्रवृत्ती आहे. हेच तत्त्व लिहिणाऱ्या हातालाही लागू पडते, याकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही.

आपल्यापैकी अनेकांचा शाळा सुटल्यानंतर कागदावर सलग लिहिण्याशी संबंध उरलेला नाही. नोकरी, शेती, घर सांभाळताना सही किंवा किराणा सामानाची यादी एवढेच लेखन होते. उरलेले काम मोबाइलवर होते. अशा हाताला परीक्षेच्या दिवशी तीन तास लिहावे लागते. तासाभरातच बोटे आखडतात, अक्षर बिघडते आणि येत असलेले उत्तरही अर्धवट राहते. आपण केलेल्या अभ्यासाचे मोल अशा वेळी हातामुळे कमी होते. म्हणून या प्रश्नाचा विचार येथे स्वतंत्रपणे केला आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ हात का दुखतो?

बोटांना वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांच्या दोरीसारख्या टोकांना कंडरा म्हणतात. अशा नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची चेता (मज्जातंतू) मनगटातील एका अरुंद बोगद्यातून तळहाताकडे जातात. पेन घट्ट धरले की हे स्नायू सतत आकुंचित राहतात, त्यांना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही आणि ते थकतात. दुखणे बोटांत जाणवले तरी ताण कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत असतो, तो यामुळेच.

हा अनुभव नवा नाही. व्यवसायजन्य रोगांचा अभ्यास करणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी यांनी १७१३ च्या आपल्या ग्रंथावृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणे नोंदवली आहेत : सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. परीक्षेच्या खोलीत ही तिन्ही कारणे एकत्र येतात. तेव्हा हाताचे दुखणे केवळ पुष्कळ लिहिल्यामुळे उद्भवत नाही. दाबून, न थांबता आणि सरावाविना लिहिल्यामुळे ते अधिक उद्भवते, हे लक्षात घ्यावे.

६.२.२ लेखणी, लिपी आणि हाताचे श्रम

जुन्या दप्तरांतील लेखन बोरूने होत असे. बोरू शाईत बुडवावा लागे. काही शब्द लिहून झाले की हात दौतीकडे जाई. ही सक्तीची विश्रांतीच होती. बोरू दाबून चालत नाही. दाबला तर टोक फाकते. बॉलपेनची गोष्ट उलट आहे. त्याची शाई दाट असते आणि टोकाची गोळी फिरण्यासाठी दाब द्यावा लागतो. शिवाय ते मध्ये थांबण्याची गरजच ठेवत नाही. शाईपेन किंवा जेलपेन तुलनेने कमी दाबाने लिहिते.

लेखणीप्रमाणे लिपीचाही विचार करावा लागतो. मोडी लिपीत लेखक प्रथम ओळीची आडवी रेषा आखून घेत आणि मग हात कमीत कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लिहीत. त्यामुळे लेखनाला वेग येई. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेदही केला जात नाही. ‘दिन’ (दिवस) आणि ‘दीन’ (गरीब) तेथे सारखेच दिसतात. अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. हाताचे श्रम वाचले, परंतु त्यांचा काही भार वाचकावर गेला.

६.२.३ देवनागरी लेखनातील प्रयत्नलाघव व त्याची मर्यादा

देवनागरीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, शिरोरेषा यांसाठी हात वारंवार उचलावा लागतो. अनेकजण प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र शिरोरेषा देतात. ‘परिवर्तन’ या शब्दात अशा पाच रेषा होतात; शब्द पूर्ण करून एकच रेषा दिल्यास चार वाचतात. पाचशे शब्दांच्या उत्तरात प्रत्येक शब्दाची सरासरी तीन अक्षरे धरली, तर पंधराशे रेषांऐवजी पाचशे रेषा पुरतात. अक्षरांचा आकार मध्यम ठेवणे आणि अक्षर दुसऱ्यांदा गिरवून ठळक न करणे, यांनीही श्रम वाचतात.

मग शिरोरेषा मुळीच का देऊ नये? येथे प्रयत्नलाघवाची मर्यादा येते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्या ओळखण्यास शिरोरेषेची अखंडता किंवा तिच्यातील खंड मदत करतो. घाईच्या हस्ताक्षरात ती गाळली तर ‘घन’ आणि ‘धन’, ‘मान’ आणि ‘भान’ यांत गोंधळ होऊ शकतो. अर्थभेद करणारी खूण कायम ठेवावी आणि अर्थभेद न करणारा श्रम सोडावा, हा नियम येथे उपयोगी पडतो.

६.२.४ बैठक, पकड आणि सराव

(अ) बैठक : पाय जमिनीवर टेकलेले आणि कोपरापासूनचा हात टेबलावर विसावलेला असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी कागदाचा वरचा भाग किंचित डावीकडे, तर डावऱ्यांनी उजवीकडे झुकवावा. मनगट मुडपू नये. ओळ पुढे सरकताना केवळ बोटे न ताणता सगळा हात सरकवावा.

(आ) पकड : पेन अंगठा व तर्जनी यांनी धरून मधल्या बोटावर टेकवावे. दुसऱ्याने सहज ओढल्यास ते निसटावे, इतकी पकड सैल असावी. फार बारीक पेनापेक्षा थोडे जाड पेन धरण्यास सोपे जाते.

(इ) विश्रांती : प्रत्येक पानाअखेर पेन खाली ठेवावे, बोटे पूर्ण उघडावीत, खांदे सैल सोडावेत. वीस सेकंद पुरेत. वीस पाने लिहिली तरी यात सात मिनिटांहून कमी वेळ जातो.

(ई) सराव : परीक्षेपूर्वी सहा आठवडे रोज दहा मिनिटे लेखन सुरू करावे व दर आठवड्यास पाच-दहा मिनिटे वाढवावीत. शेवटच्या दोन आठवड्यांत एक-दोन वेळा पूर्ण प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवावी. ज्या पेनाने परीक्षा द्यायची, त्याच पेनाने सराव करावा.

६.२.५ धोक्याची लक्षणे

विश्रांतीनंतर थांबणारे दुखणे बहुधा थकव्याचे असते. परंतु अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, वस्तू हातातून निसटणे किंवा लिहू लागताच बोटे आपोआप आवळली जाणे, ही लक्षणे दिसल्यास सराव वाढवू नये; डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुखणे दीर्घकालीन असल्यास लेखनिकाच्या सुविधेचे नियम आपल्या अभ्यासकेंद्रात परीक्षेच्या बरेच आधी विचारून घ्यावेत.

६.३ सारांश

लिहिताना हात दुखण्यामागे घट्ट पकड, जास्त दाब, विश्रांतीचा अभाव आणि सुटलेला सराव ही प्रमुख कारणे असतात. बोरूच्या लेखनात विश्रांती साधनातच होती. बॉलपेनने लिहिताना ती आपण ठरवून घ्यावी लागते. देवनागरीत शब्दागणिक एक शिरोरेषा देऊन श्रम वाचतात. मात्र वाचकासाठी आवश्यक असलेल्या भेदक खुणा सोडता येत नाहीत.

६.४ शब्दार्थ

प्रयत्नलाघव : श्रम कमी करण्याची प्रवृत्ती
कंडरा : स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी रचना
बोरू : वेत, बांबू यांसारख्या काडीला टोक करून बनवलेली लेखणी
भेदक : दोन घटकांतील वेगळेपण दाखवणारे

६.५ स्वाध्याय

१. बोरू आणि बॉलपेन यांची हाताच्या श्रमाच्या दृष्टीने तुलना करा.
२. ‘मोडी लिपीने हाताचे श्रम वाचवले, पण वाचकाचे वाढवले.’ चर्चा करा.
३. शिरोरेषेमुळे ओळखता येणाऱ्या अक्षरांच्या आधारे शब्दांच्या चार जोड्या लिहा.

६.६ उपक्रम

आपल्या नेहमीच्या पद्धतीने एक पान लिहा. ते उलटून मागील बाजूवर बोट फिरवा. अक्षरांचे उठाव ठळकपणे जाणवले, तर आपण गरजेपेक्षा अधिक दाब देत आहात. पकड सैल करून तोच मजकूर पुन्हा लिहा आणि दोन्ही पाने ताडून पाहा. हा उपक्रम महिनाभर दर रविवारी करून दिनांकासह नोंद ठेवा.