वापरलेलं फेरिक ओतणार कुठे?

घरी पीसीबी करावी की कंपनीकडून करून घ्यावी, असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: वापरलेलं फेरिक क्लोराइड ओतणार कुठे? बहुतेक जण गप्प होतात. पैसे किती वाचतील, बोर्ड किती तासांत हातात येईल, हा हिशेब झालेला असतो. उरणाऱ्या द्रावाचा विचार कोणी केलेला नसतो.

मी कोकणात टाकीचे लेव्हल कंट्रोलर आणि मोटरचे टायमर बनवतो, दुसऱ्यांनी बनवलेले दुरुस्तही करतो. घरी बोर्ड करायला मला आजही आवडतं. पण दुरुस्तीच्या टेबलावर जे येतं, ते पाहून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आधी फेरिक. एचिंगला, म्हणजे बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाऊन रेघा उरवायला, ते लागतं. ते तांब्याला खातं तसंच सिंकच्या स्टीलला आणि नळाच्या पितळेलाही खातं. शहाबादी फरशीवर पडलेला पिवळट डाग निघत नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर ते कधीच ओतू नका, ते भराभर तापतं आणि फसफसतं. हे सगळं सांभाळता येतं: प्लास्टिकचा डबा, हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. पुढचं अवघड. काम झालेल्या द्रावात बोर्डावरचं तांबं विरघळलेलं असतं, आणि तांबं थोडं असलं तरी माशांना विषारी. मोरीत ओतलं की ते गटारातून वहाळात जातं, वाडीत तर विहिरीपर्यंतही झिरपू शकतं. धुण्याचा सोडा हळूहळू घालत गेलं की फेस येतो आणि लोखंड-तांब्याचा गाळ खाली बसतो. पण तो गाळही उकिरड्यावर टाकायचा नाही. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या सोयी कारखान्यांच्या हिशेबाने उभ्या आहेत. डबाभर द्राव घेऊन आपण तिथे काय जाणार? मी एकच द्राव पुरवून पुरवून वापरतो, बोर्डावर शक्य तितकं तांबं शिल्लक ठेवतो म्हणजे कमी खावं लागतं, आणि गाळ झाकणाच्या डब्यात नाव लिहून ठेवतो. तो गाळ घेतील का, हे जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये आधी विचारून ठेवा. तशी सोय होत नसेल तर घरचं एचिंग सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोय असेल तर मात्र मजा आहे. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लास्टिकच, त्याने झाकलेलं तांबं फेरिक खात नाही. गुळगुळीत कागदावर छापून वाफ न सोडणाऱ्या कडक इस्त्रीने तो तांब्यावर उतरवायचा. इंकजेटचा इथे उपयोग नाही. तांबं आधी घासणीने घासून ॲसिटोनने पुसायचं, नंतर बोट लावायचं नाही. कागद पाण्यात भिजवून अंगठ्याने सोलायचा, तुटलेल्या रेघा परमनंट मार्करने जोडायच्या. नवशिक्यांचे बोर्ड वाया जातात ते आरशामुळे. खालच्या थराची प्रिंट उलटी करायची नसते, कारण कागद पालथा पडला की ती आपोआप उलटते. त्या थरावर आपलं नाव टाकून ठेवा: पडद्यावर उलटं दिसणारं नाव तांब्यावर सुलटं वाचता आलं पाहिजे. फेरिक टोनरच्या कडेखालूनही आत शिरतं, म्हणून घरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ काढायच्या फंदात मी पडत नाही. कारखान्यात ०.१५ मिलिमीटर ही रोजची गोष्ट आहे.

भोकं पाडताना धीर सुटतो. ग्लास एपॉक्सी साध्या बिटची धार खाते, आणि कार्बाइडचं ०.८ मिलिमीटरचं बिट हात जरा तिरका झाला की मोडतं. स्टँडशिवाय करू नका. काचेची धूळ उडते, तोंडाला मास्क हवाच. हायलमचा (कागदी फिनॉलिक) बोर्ड भोक पाडायला सोपा, पण सोल्डरिंग आयर्न दोनदा टेकवलं की पॅड उचकटतं.

हे सगळं जमलं, बोर्ड चालू झाला, तरी खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत उघडं तांबं म्हणजे कल्हई नसलेलं पितळेचं भांडं, ते कळकणारच. दुरुस्तीला आलेल्या कंट्रोलरचं झाकण उघडलं की रेघांवर हिरवी पूड दिसते. सेन्सरच्या इनपुटपाशी ओल धरली की टाकी रिकामी असताना ती भरल्याचा निरोप जातो, मोटर सुरूच होत नाही, आणि मालक मोटरवाल्याला बोलावतो. तांब्यावर कथलाचा थर आणि वर वॉर्निश दिलं तर बराच काळ निभावतं. कारखान्याच्या हिरव्या सोल्डर मास्कची सर त्याला नाही.

दुसरी अडचण भोकांची. कारखान्यात दुहेरी बोर्डाच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा असतो. घरी तो नसतो, म्हणून तारेचे तुकडे घालून दोन्ही बाजूंनी सोल्डर करावं लागतं. आयसी सॉकेट किंवा रिले बोर्डाला चिकटून बसतो, त्याच्याखाली आयर्न पोचत नाही. ‘कधी चालतो, कधी नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे घरगुती दुहेरी बोर्ड मी आधी त्या तारांपाशीच तपासतो.

आणि २३० व्होल्ट. इथे मी कोणाचं ऐकत नाही. मेन्सची रेघ घरी एच केलेल्या बोर्डावर नको. एचिंगमध्ये न दिसणारा तांब्याचा केस मागे राहू शकतो, सोल्डर मास्क नसतो, आणि पंपाच्या पेटीत पाली नि मुंग्या वस्तीला येतात. मेन्स आणि कमी व्होल्टेज यांच्यात निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा हवी, रिलेखाली खाच कापलेली असली तर उत्तम. शिवाय ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात १ मिलिमीटर रुंद, १० सेंटिमीटर लांब रेघेला सुमारे ०.०५ ओहम रोध असतो. तिच्यातून ५ अँपियर गेले तर सव्वा वॉट उष्णता तिथेच होते. घरच्या बोर्डाला मोटर हाकायचीच असेल तर तयार रिले मॉड्यूल घ्या आणि मेन्सच्या तारा बोर्डापासून लांब ठेवा.

मग सगळं मागवूनच घ्यावं? तिथे वेगळा सापळा आहे. कारखाना तुमची फाइल बनवतो, तुमच्या मनातलं सर्किट नव्हे. घरची चूक त्याच संध्याकाळी सापडते. मागवलेल्या बोर्डाची आठवड्यानंतर, आणि तीही मागवलेल्या सगळ्या बोर्डांवर सारखी. सपाट बाजू समोर धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकच्या २एन२२२२ चे बहुधा याच्या उलट, आणि तेही बनवणारा कोण यावर. बाजारात ‘शुगर क्यूब’ म्हणून मिळणाऱ्या रिलेंच्या पायांतली अंतरंही सगळीकडे एक नसतात. म्हणून आधी पार्ट विकत आणा, मग डिझाइन पक्कं करा. ते १०० टक्के मापात कागदावर छापा, दहा सेंटिमीटरची रेघ पट्टीने मोजा, कागद थर्मोकोलवर ठेवून प्रत्यक्ष पार्ट टोचून बघा. या खेळाला अर्धा तास लागतो. नंतर कारखान्याला पाठवायच्या गर्बर फाइली व्ह्यूअरमध्ये उघडून बोर्डाची कड आणि ड्रिलची फाइल आहे ना ते पाहा. एका पुरवठादाराने कडेची फाइल नसताना विचारपूसही न करता बोर्ड आयताकृती कापून पाठवल्याचं मी पाहिलं आहे; माउंटिंगच्या भोकांपाशी हवी असलेली खाच गायब.

चीनमधल्या शेनझेनच्या कंपन्यांच्या जाहिरातीतला दोन डॉलरचा आकडा बघून हुरळू नका. कुरियर आणि कस्टम्स मिळून बोर्डांपेक्षा जास्त होतात. गांधीनगर, बंगळुरू, पुण्याकडेही बोर्ड होतात. घाईत ते परवडतं.

एकच नग हवा असेल, तर मी दोन्ही वाटा सोडून झीरो पीसीबी, म्हणजे तयार भोकांचा बोर्ड, सुचवतो. दिसायला ओबडधोबड, पण ना फेरिक ना कुरियर. एकेरी, कमी व्होल्टेजचा, आज रात्रीच तपासायचा बोर्ड घरी करावा. दमट जागी वर्षानुवर्षं राहणारा, दुहेरी, किंवा मेन्सचा असेल तो मागवावा.

मागवताना सिल्कस्क्रीनवर आवृत्तीचा क्रमांक टाका, आणि टर्मिनलांची नावं मराठीत लिहा: टाकी, विहीर, मोटर. कायकॅड ७ पासून देवनागरी फाँट बोर्डावर टाकता येतात. अक्षर फार बारीक ठेवू नका, मात्रा-वेलांट्या छपाईत भरून जातात, आणि पेटी उघडणारा वायरमन बहुतेक वेळा बॅटरीच्या उजेडात वाचत असतो.