छंदवर्गाची फी भरण्याआधी

जून उजाडला की शाळेच्या फाटकावर रोबोटिक्स, नाट्य, चित्रकला, लेखन अशा वर्गांची पत्रकं हातात पडतात. आठवी-नववीच्या मुलाचं नाव घालण्याआधी एवढंच पाहा: या पैशांत त्याला स्वतःच्या हाताने किती काम करायला मिळणार?

आधी शाळेत विचारा
शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सेन्सर, थ्रीडी प्रिंटर तिथेच हाताळता येतात. अशा लॅबसाठी नीती आयोग २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देतो. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली तर प्रतिकृतीसाठी १० हजार रुपये मिळतात, नाव मात्र शाळेनेच कळवायचं असतं. कोडिंगची सुरुवात करायला ‘स्क्रॅच’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दहावीच्या वाढीव गुणांसाठी इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा द्यायची असेल, तर क्लास लावण्याआधी शाळेतल्या कलाशिक्षकांना गाठा.

ताशी दर काढा
समजा, महिन्याला १,५०० रुपये आणि दर आठवड्याला दीड तासाचा एक वर्ग. चार वर्गांचे सहा तास, म्हणजे ताशी २५० रुपये. त्यात साहित्याचे ४०० आणि रिक्षाचे ३२० धरले, की दर ३७० वर जातो. वार्षिक कार्यक्रमाचे कपडे, टी-शर्ट, प्रमाणपत्र यांचे पैसे वेगळे घेतात का, तेही आधीच विचारून घ्या.

एक वर्ग बसून पाहा
जुन्या मुलांच्या वह्या चाळा. पानोपानी तोच डोंगरामागचा सूर्य, तीच नदी, तीच झोपडी दिसली, तर तिथे फळ्यावरचं उतरवून घेणं चालतं. रोबोटिक्समध्ये एका किटवर किती मुलं, ते मोजा. चौघांत एक किट असेल, तर एक जण स्क्रू फिरवतो आणि तिघं बघत बसतात. किट घरी मिळणार की वर्गातच राहणार, हेही स्पष्ट करून घ्या.

पैसे देताना
वर्षाची फी एकरकमी भरू नका. महिन्याची किंवा तिमाही भरा. मधेच सोडल्यास किती पैसे परत, हे लेखी घ्या. जीएसटी लावला असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवाच. खासगी वर्गाची फी प्राप्तिकराच्या ‘८०सी’ वजावटीत बसत नाही. कबूल केलेले वर्ग झाले नाहीत आणि पैसेही परत मिळेनात, तर पावती हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.