भूकंपात कागद गेले; पणजोबा शोधायचे कुठे?

प्रश्न : इंग्लंडमधल्या साध्या शेतमजुराचे वंशजही आपल्या सात-आठ पिढ्या शोधून काढतात, असे वाचले. आमचे घराणे सास्तूरचे. ना वतन, ना पाटीलकी. घरातली कागदपत्रे 1993च्या भूकंपात गेली. आमच्या पूर्वजांचा माग लागेल का?
– एक वाचक, सास्तूर

उत्तर : लागू शकतो, पण सात-आठ पिढ्यांची हमी नाही. इंग्लंडमध्ये 1538 साली चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवण्याचा हुकूम झाला. जुलै 1837पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदही सुरू झाली. त्यामुळे गरिबाचेही नाव वहीत राहिले. आपल्याकडे सामान्य माणूस कागदावर आला तो सारा भरताना, शाळेत गेल्यावर आणि यात्रेला गेल्यावर. हे कागद मुळात आपल्या घरात नसतातच. तुमची आशा तिथेच आहे.

आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात 1950च्या दशकातले खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची नोंद, मागा. तुमचा आताचा लोहारा तालुका नंतर झाला. भूकंपाच्या वेळी सास्तूर उमरगा तालुक्यात होते, म्हणून उमरग्यालाही चौकशी करा. 17 सप्टेंबर 1948पूर्वीचे दप्तर निजामाचे. ते उर्दूत, काही मोडीत. त्यातले साल फसली असते. त्यात 590 मिळवा : फसली 1340 म्हणजे साधारण 1930-31. आडनावावर अडून बसू नका. जुन्या नोंदीत बहुधा ‘अमुक बिन तमुक’ एवढेच असते. त्यातला ‘तमुक’ हा बाप, म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या.

जमीन नसेल तर शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा. जन्मतारीख 1 जून दिसली, तर ती गुरुजींनी दिलेली समजा!

घरात वारी असेल, तर पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडे गाव आणि आडनाव सांगा. त्यांच्या वह्यांत येऊन गेलेल्या यात्रेकरूंची, त्यांच्या मुला-भावांची नावे असतात. सीमाभागात वंशावळ सांगत घरोघर फिरणारे हेळवीही विचारण्याजोगे.

या बहुतेक दप्तरांत बायका मात्र क्वचितच सापडतात. त्यांची नावे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. म्हणून तहसीलला जाण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ वही घेऊन बसा आणि आजी-पणजीचे नाव, माहेरचे गाव आधी लिहून घ्या. कचेरीतले दप्तर महिनाभर थांबेल.